काच, अभ्रक, कागद, तेल: कपॅसिटरच्या पोटातला इतिहास

१७५० सालच्या नाताळाला दोन दिवस उरले होते. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांच्याभोवती मंडळी जमली होती आणि एक टर्की विजेच्या धक्क्याने मारून दाखवायचा बेत होता. काचेच्या दोन मोठ्या बरण्यांत भार साठवून ठेवला होता. फ्रँकलिन यांच्याच हिशेबाने हा साठा चाळीस साध्या बाटल्यांइतका होता. बोलण्याच्या नादात त्यांचा एक हात बरण्यांच्या वरच्या तारांना लागला आणि दुसऱ्या हातात बाहेरच्या बाजूला जोडलेली साखळी होतीच. जमलेल्यांनी पिस्तूल झाडल्यासारखा आवाज ऐकला आणि लखलखाट पाहिला. फ्रँकलिन यांना मात्र ना आवाज ऐकू आला, ना उजेड दिसला. अंग थरथरले, दंड आणि मान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर राहिले, छातीचे हाड ठणकत राहिले. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे सगळे मोकळेपणाने नोंदवले, इतरांनी सावध व्हावे म्हणून.

ती बरणी म्हणजे आजच्या कपॅसिटरची पूर्वज. घरातल्या पंख्याचा कंडेन्सर तिच्याच कुळातला. धातूचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा पदार्थ, एवढीच रचना. पंख्यात तो निमूटपणे काम करतो. पण काही यंत्रांना वीज एकाच घावात हवी असते. टेस्ला कॉइल, कॅमेऱ्याचा फ्लॅश, हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारा डिफिब्रिलेटर, प्रयोगशाळेतला मार्क्स जनरेटर ही त्याची उदाहरणे. तिथे कपॅसिटर पाण्याच्या टाकीसारखा सावकाश भरायचा आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत रिकामा करायचा. अशी उच्च विद्युतदाबाची यंत्रे हौसेने घरी बांधणारे जगभर आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या भागांसाठी हिंडणारी कॉलेजची मुलेही त्यात आली. त्यांचा पहिला प्रश्न असतो, कपॅसिटर कोणता घ्यायचा? हा प्रश्न पावणेतीनशे वर्षे जुना आहे आणि दर पिढीत त्याचे उत्तर दोन पत्र्यांच्या मधल्या पदार्थाने दिले आहे.

पहिला पदार्थ काच. ऑक्टोबर १७४५ मध्ये पोमेरेनियातल्या कामिन इथले धर्माधिकारी एवाल्ड फॉन क्लाइस्ट यांनी खिळा खोचलेली औषधाची बाटली हातात धरून भारित केली आणि खिळ्याला दुसरा हात लावताच जबर झटका खाल्ला. दोन-तीन महिन्यांत हॉलंडमधल्या लायडन इथे प्राध्यापक मुशेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेतही तेच घडले. तिथे येणारे कुनेउस नावाचे वकील पाण्याने भरलेली काचेची बाटली हातात घेऊन प्रयोग करत होते. अनुभवी माणसाने ती भाररोधक बैठकीवर ठेवली असती, कारण वीज निसटू नये असा तेव्हाचा नियम होता. कुनेउस यांना तो ठाऊक नव्हता. त्यांचा तळहात हाच बाहेरचा पत्रा झाला, आतले पाणी दुसरा, आणि मधल्या काचेने कल्पनेपलीकडचा भार धरून ठेवला. पुढे मुशेनब्रुक यांनी स्वतः तो धक्का घेतला आणि पॅरिसच्या रेओम्यूर यांना कळवले की अख्खे फ्रान्स दिले तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही.

युरोपला तर या बरणीचे वेडच लागले. व्हर्सायमध्ये अबे नोले यांनी फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपायांना हातात हात घालून उभे केले आणि एका बरणीच्या झटक्याने सगळी रांग एकदम उडवून दाखवली. करमणुकीपेक्षा महत्त्वाची सुधारणा लंडनच्या जॉन बेव्हिस यांनी सुचवली. हात आणि पाणी दोन्ही बाजूला सारून काचेला आतबाहेर धातूचा वर्ख लावायचा. डान्झिगच्या डॅनियल ग्रालाथ यांनी बरण्या एकमेकींना जोडून साठा वाढवला. फ्रँकलिन यांनी खिडकीच्या सपाट काचा शिशाच्या पत्र्यांमध्ये बसवून तेच केले. शिवाय भार पाण्यात किंवा वर्खात नसून काचेतच मुरतो, असा निष्कर्षही त्यांनी बरणीचे भाग वेगळे करून काढला. मधला पदार्थ महत्त्वाचा, ही जाण तिथून सुरू झाली. कोणता पदार्थ किती भार धरायला मदत करतो याचे पद्धतशीर मोजमाप १८३७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी प्रसिद्ध केले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी तेच काम त्याच्या साठेक वर्षे आधी करून ठेवले होते. पण कागद पेटीतच राहिले आणि १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी ते छापले.

साठवलेली वीज एकदम सोडली की काय होते, हे पाहणारे लोकही त्याच शतकात होते. १७७४ मध्ये लंडनचे उपकरणकार एडवर्ड नेर्न यांनी बरण्यांच्या बॅटरीतून बारीक तारा उडवल्या. हॉलंडमधल्या हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये मार्टिनस व्हान मारुम यांच्यासाठी १७८४ मध्ये दीड मीटरहून मोठ्या व्यासाच्या दोन काचेच्या चकत्यांचे घर्षणयंत्र उभे राहिले. त्यावर भारलेल्या बरण्यांच्या मोठ्या बॅटरीने व्हान मारुम यांनी धातूच्या तारा वितळवून आणि वाफ करून दाखवल्या. ते यंत्र आजही तिथे पाहायला मिळते. स्पंद-विजेचा, म्हणजे एकाच घावात सोडलेल्या विजेचा, इतिहास लिहायचा तर पहिले पान त्या दालनाला द्यायला हवे.

पण बरणी रिकामी होते म्हणजे नेमके काय होते? १८५३ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी गणिताने दाखवले की वीज एका दिशेने जाऊन थांबेलच असे नाही. ती मागेपुढे झुलत विझते. पाच-सहा वर्षांत जर्मनीत फेडर्सन यांनी फिरत्या आरशातून ठिणगीचे छायाचित्र घेतले आणि एका ठिणगीच्या पोटात अनेक ठिणग्या सापडल्या. घरी यंत्र बांधणाऱ्याच्या दृष्टीने या शोधाइतका महत्त्वाचा दुसरा शोध नाही. प्रत्येक झोक्यात कपॅसिटरवरचा दाब उलटतो आणि प्रत्येक उलटापालटीत मधल्या पदार्थाला कळ लागते. म्हणून स्पंदासाठी बनवलेल्या चांगल्या कपॅसिटरच्या माहितीपत्रात व्होल्ट आणि मायक्रोफॅरड यांच्या शेजारी दाब किती टक्के उलटा झालेला चालेल हेही छापलेले असते. दुकानात हा आकडा विचारणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. विचारायला हवे.

दुसरी गोष्ट कोलराउश यांनी १८५४ मध्ये तपासली. लायडन बरणी पूर्ण रिकामी करून थोडा वेळ ठेवली, की तिच्यात पुन्हा भार उगवतो. काचेत खोल मुरलेली वीज सावकाश वर येते. आजच्या कपॅसिटरांतही हे घडते. तेल-कागदाच्या मोठ्या डब्यांत तर ठळकपणे घडते. डिस्चार्ज करून, मीटरने शून्य पाहून बाजूला ठेवलेला डबा काही वेळाने हात लावणाऱ्याला फेकून देऊ शकतो, त्याचे कारण हे.

विसाव्या शतकाच्या तोंडावर बिनतारी संदेशाचा जमाना आला आणि काचेची खरी कसोटी लागली. कॉर्नवॉलमधल्या पोल्डू इथे मार्कोनी यांच्या केंद्रासाठी जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी काचेच्या चौकोनी तावांना कथिलाचा वर्ख लावून ते जवसाच्या तेलात बुडवलेले कपॅसिटर बसवले. १९०१ मध्ये अटलांटिक ओलांडलेला संदेश त्यांच्यातून निघाला. आयर्लंडमधल्या क्लिफ्डन इथे तर मार्कोनी यांनी काचच सोडली. एका मोठ्या इमारतीत गॅल्व्हनाइझ्ड पत्रे टांगून मधल्या हवेलाच रोधक बनवले. हवा फुटली तरी पुन्हा सांधते, पण जागा किती खाते ते त्या इमारतीकडे पाहून कळे.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १८९९ मध्ये निकोला टेस्ला यांनी आणखी साधा मार्ग काढला. जवळच्या मॅनिटूच्या झऱ्याचे खनिज पाणी ज्या बाटल्यांतून विकले जाई, त्या बाटल्या त्यांनी मिठाच्या पाण्याने भरून मिठाच्याच पाण्यात उभ्या केल्या. आतले पाणी एक पत्रा, बाहेरचे दुसरा, मध्ये बाटलीची काच. टेस्ला कॉइलच्या हौशी मंडळींनी ही युक्ती शतकभर जपली. बियरच्या रिकाम्या बाटल्या, बादली, मीठ, आणि प्रत्येक बाटलीत पाण्यावर खाद्यतेलाचा बोटभर थर. हा थर नसला तर पाण्याच्या काठावरून जांभळ्या जिभल्या निघतात आणि वीज वाया जाते. एका बाटलीतून मिळते साधारण अर्धा ते एक नॅनोफॅरड, म्हणजे कामाचा साठा हवा तर डझनावारी बाटल्या लागतात. शिवाय काच तापते. सतत चालवलेल्या कॉइलमध्ये एखादी बाटली तडकली की त्या तड्यातून ठिणगी धावते आणि सगळा संच बसतो. शिकण्यासाठी मात्र हा कपॅसिटर उत्तम आहे, कारण त्याचे तिन्ही भाग डोळ्यांना दिसतात.

काचेला हटवले अभ्रकाने, आणि इथे हा इतिहास भारतात येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विल्यम डुबिलियर यांनी अभ्रकाचे पातळ पापुद्रे आणि धातूचा वर्ख यांची चळत दाबून कपॅसिटर बनवले. जहाजावरच्या नाजूक बरण्यांची जागा त्यांनी घेतली. अभ्रक उष्णता सोसतो, त्यात वीज फारशी वाया जात नाही आणि तो सुरीने पापुद्र्यांत सोलता येतो. तेव्हाच्या बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह परिसरातला लालसर अभ्रक जगात सर्वोत्तम मानला जाई. जगातल्या पत्री अभ्रकाचा मोठा वाटा तिथून आणि आंध्रातल्या नेल्लोर भागातून जाई.

त्या कामाकडे जवळून पाहिले पाहिजे. खाणीतून निघालेला ठोकळा आधी विळ्याने कडा छाटून साफ करायचा. मग बायका आणि मुले मांडी घालून बसत, टोकदार सुरीने कडेला फट पाडत आणि एक एक पापुद्रा सोडवत, इंचाच्या सहस्रांशाइतका पातळ होईपर्यंत. पापुद्र्यात डाग, हवेचा बुडबुडा किंवा लोखंडाचा ठिपका असेल तर तो उच्च दाबाखाली तिथेच फुटणार, म्हणून उजेडासमोर धरून प्रतवारी करायची. हे काम करणारे यंत्र बराच काळ कुणालाच जमले नाही. दुसऱ्या महायुद्धात रेडिओ आणि रडारसाठी अभ्रकाची एवढी निकड होती की ब्रिटन आणि अमेरिका यांनी खरेदीसाठी कलकत्त्यात संयुक्त मिशन उघडले. ज्या बोटांनी तो माल तयार केला त्यांची नावे कुठल्याही तांत्रिक इतिहासात नाहीत, आणि ही उणीव मोठी आहे. पुढे कृत्रिम पदार्थ आले, मागणी घटली, १९८०च्या वनसंरक्षण कायद्यानंतर बहुतेक खाणी बंद पडल्या. आज त्याच भागात जुन्या ढिगाऱ्यांतून टाकाऊ अभ्रक, स्थानिक भाषेत ढिबरा, वेचणारी माणसे दिसतात. त्यांत मुलेही असल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. तो अभ्रक आता रंगांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या चमकीसाठी जातो.

अभ्रक महाग, कागद स्वस्त. १८७६ मध्येच मेण लावलेल्या कागदाची आणि वर्खाची गुंडाळी करून कपॅसिटर बनवण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये फिट्झजेराल्ड यांनी घेतले होते. १९००च्या सुमारास मॅन्सब्रिज यांनी वर्ख काढून कागदावरच धातूचा मुलामा दिला. त्यातून एक सुंदर गुण हाती लागला. कागदाला कुठे भोक पडून ठिणगी उडाली, की तिच्या उष्णतेने भोवतालचा मुलामा उडून जातो आणि भोक आपोआप वेगळे पडते. कपॅसिटर स्वतःला बरा करतो, किंचित धारिता, म्हणजे भार धरण्याची क्षमता, गमावून.

कागदातली हवा मात्र शत्रू. ती काढून तेल भरावे लागे आणि खनिज तेल पेट घेई. १९२९-३०च्या सुमारास अलाबामातल्या ॲनिस्टनमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी, मोठ्या प्रमाणात बनू लागले. न पेटणारे, न बिघडणारे, भार उत्तम धरणारे द्रव. विद्युत उद्योगाने ते डोळे मिटून स्वीकारले आणि पुढची चार दशके मोठ्या कपॅसिटरांच्या लोखंडी डब्यांत तेच भरले गेले. न बिघडण्याचा तो गुणच शाप ठरला. निसर्गातही ते बिघडत नाही. चरबीत साठते, माशातून माणसात येते. जपानमध्ये १९६८ साली पीसीबी मिसळलेल्या तांदळाच्या कोंड्याच्या तेलातून मोठी विषबाधा झाली. न्यूयॉर्क राज्यात जनरल इलेक्ट्रिकच्या कपॅसिटर बनवणाऱ्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात हडसन नदीत सुमारे १३ लाख पौंडांपर्यंत पीसीबी गेले असावे, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. नदीच्या वरच्या भागात मासेमारी बंद झाली. २००९ ते २०१५ अशी वर्षे गाळ उपसण्यात गेली. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादन थांबवले, २००१च्या स्टॉकहोम कराराने जगभर ते हद्दपार करायचे ठरले आणि भारताने तो करार २००६ मध्ये स्वीकारला. भंगारातून स्वस्तात मिळालेला, जुना, चिठ्ठी नसलेला लोखंडी डबा घरी आणणाऱ्याने हा इतिहास आधी आठवावा.

आज स्पंदाच्या मोठ्या कपॅसिटरांत अनेकदा क्राफ्ट कागद आणि एरंडेल तेल असते. होय, आजीच्या औषधाच्या बाटलीतले एरंडेल. खनिज तेलापेक्षा ते जवळजवळ दुप्पट चांगल्या रीतीने भार धरते आणि विषारी नाही. जगातला सर्वाधिक एरंड भारतात पिकतो, त्यातही गुजरातमध्ये.

दाब वाढवण्याची युक्ती जर्मनीतल्या एर्विन मार्क्स यांची, १९२३-२४ ची. अनेक कपॅसिटर समांतर भरायचे आणि ठिणगीच्या फटींनी एकाच क्षणी एकसर जोडून रिकामे करायचे. दहा टप्पे असतील तर दाब जवळपास दसपट. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात असे ३६ मार्क्स संच आणि एकूण २,१६० कपॅसिटर आहेत. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले काली हे यंत्रही याच वंशातले. त्याच्याबद्दल क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या गुप्त शस्त्राच्या अफवा बऱ्याच पसरल्या. प्रत्यक्षात ते इलेक्ट्रॉनचा अतिशय आखूड आणि जोरदार झोत सोडणारे त्वरक यंत्र आहे.

दुसऱ्या वाटेने छोटे आणि स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आले. त्यांच्यात मधला थर ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडचा, इतका पातळ की थोड्या जागेत पुष्कळ भार मावतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश त्यांच्यावर चालतो. एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी कपॅसिटरच्या साठ्यातून असा प्रखर फ्लॅश बनवला होता की १९४४ मध्ये विमानातून रात्रीच्या अंधारात जमिनीची छायाचित्रे घेता आली. पण इलेक्ट्रोलिटिकला उलटा दाब सोसत नाही. केल्व्हिन यांचा झोका इथे घातक ठरतो. म्हणून अशा संचावर उलट्या प्रवाहासाठी डायोड लावावाच लागतो.

घरच्या बहुतेक प्रकल्पांसाठी आज उत्तर आहे पॉलिप्रॉपिलीन. प्लॅस्टिकची ही फिल्म फार थोडी ऊर्जा उष्णतेत घालवते आणि दाब उत्तम सोसते. पण इथेही एक फाटा आहे. मुलामा दिलेली फिल्म मॅन्सब्रिज यांच्या कागदासारखी स्वतःला सांधते आणि कमी जागेत जास्त ऊर्जा धरते. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरचे दिवे पेटवायला असे कपॅसिटर आहेत, एकेक २४,००० व्होल्टचा, सुमारे ८३ किलोजूलचा. तिथली वीज काही शे मायक्रोसेकंदांत सोडली जाते आणि मुलाम्याला तेवढी घाई झेपते. टेस्ला कॉइलची किंवा मार्क्सची घाई त्याहून कितीतरी मोठी. त्यात पातळ मुलामा कडेला जळतो. तिथे खरा धातूचा वर्ख असलेली फिल्मच हवी. म्हणून हौशी मंडळींनी छोटे वर्ख-फिल्म कपॅसिटर डझनांनी एकसर-समांतर जोडायची रीत पाडली, प्रत्येकाच्या टोकांना मोठ्या रोधाचा रेझिस्टर जोडून, जेणेकरून दाब सारखा वाटला जाईल आणि वीज गेल्यावर उरलेला भार झिरपून जाईल. काचेच्या बाटल्यांची बादली या रीतीने संपवली. लेबलवरच्या दाबाच्या बऱ्याच खाली चालवला तर असा संच वर्षानुवर्षे टिकतो, आणि लेबलपर्यंत ताणला तर लवकर मरतो.

ऊर्जेचा अंदाज घ्यायला एक मोजमाप पुरेसे आहे. १९३९ मध्ये सोव्हिएत संघात नाउम गुर्विच यांनी आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बर्नार्ड लाउन यांनी कपॅसिटरच्या एका स्पंदाने हृदयाची बिघडलेली लय ताळ्यावर आणता येते हे दाखवले. आजच्या डिफिब्रिलेटरचा कमाल धक्का साधारण ३६० जूलचा असतो, तोही छातीवर रुंद पट्ट्या लावून. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३,००० व्होल्टला भरला की त्यात ४५० जूल असतात. टेबलावर मावणारा डबा, पण त्याच्या दोन टोकांना हात लागला तर जीव जाऊ शकतो.

तेव्हा निवड करताना आधी मधला पदार्थ विचारा, मग दाब किती उलटा सोसतो ते, मग किती घाईने रिकामा करता येतो ते, आणि शेवटी किंमत. जुना, अनोळखी तेलाचा डबा कधीही उघडू नका. तो रद्दीवाल्याकडेही न देता अधिकृत घातक-कचरा केंद्राकडे द्या. काम संपले की रेझिस्टरमधून भार काढा, नंतर दोन्ही टोके जाड तारेने जोडा, आणि कपाटात ठेवलेल्या कपॅसिटरवरही ती तार तशीच राहू द्या. एकट्याने हे काम करू नका.